सत्त्याऐंशीवे घर

रशियातील सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात दिमित्री मेंडेलेव्ह नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८६९ साली त्यांनी त्या काळी ठाऊक असलेल्या साठाहून अधिक मूलद्रव्यांचा एक तक्ता तयार केला. गुणधर्मांत साम्य असणारी मूलद्रव्ये त्यांनी एका कुळात बसविली. असे करताना तक्त्यातील काही घरे रिकामी राहिली. दुसरा कोणी असता, तर आपल्या मांडणीतच काही चूक झाली असावी असे त्याला वाटले असते. मेंडेलेव्ह यांनी मात्र निराळाच विचार केला. ही घरे रिकामी आहेत, याचे कारण त्यांत राहणारी मूलद्रव्ये अजून सापडलेली नाहीत, असे त्यांनी ठामपणे सांगितले. अशा अज्ञात मूलद्रव्यांना नावे देताना त्यांनी संस्कृतमधील ‘एक’ हा शब्द वापरला. ॲल्युमिनियमच्या कुळात त्याच्या लगेच पुढे येणाऱ्या अज्ञात मूलद्रव्यास ते ‘एक-ॲल्युमिनियम’ म्हणत. १८७५ साली फ्रान्समध्ये ते सापडले आणि फ्रान्सच्या प्राचीन लॅटिन नावावरून त्याचे नाव गॅलियम असे ठेवण्यात आले. त्यानंतर एकामागून एक घरे भरत गेली. मेंडेलेव्ह यांचा हा तक्ता पुढे आवर्तसारणी या नावाने जगप्रसिद्ध झाला.

१९२५ सालापर्यंत पहिल्या ब्याण्णव घरांपैकी केवळ चार घरे रिकामी राहिली होती. त्रेचाळीसावे, एकसष्टावे, पंच्याऐंशीवे आणि सत्त्याऐंशीवे. त्यांपैकी सत्त्याऐंशीवे घर सोडियम, पोटॅशियम आणि सीझियम यांच्या कुळातील होते. सीझियमच्या खालीच ते असल्यामुळे तेथील मूलद्रव्याला ‘एक-सीझियम’ असे म्हणत. त्याचा शोध लागल्याचे अनेकांनी जाहीर केले. कोणी त्याला रशियावरून नाव दिले, कोणी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यावरून, तर कोणी मोल्डाव्हिया या प्रांतावरून. परंतु इतरांनी तेच प्रयोग काळजीपूर्वक करून पाहिले तेव्हा यांतील एकही दावा टिकला नाही. सत्त्याऐंशीवे घर रिकामे ते रिकामेच राहिले. अखेर ते भरले, ते कोणा नामांकित प्राध्यापकाने नव्हे. विद्यापीठाची पदवी नसलेल्या, प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या एका तरुणीने ते भरले. तिचे नाव मार्गरित पेरे.

मार्गरितचा जन्म १९ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसजवळील व्हिलमोंब्ल या गावी झाला. पाच भावंडांत ती सर्वांत धाकटी होती. ती लहान असतानाच तिचे वडील वारले आणि घरची परिस्थिती हलाखीची झाली. मार्गरितला डॉक्टर व्हावयाचे होते. पण वैद्यकीय शिक्षणाचा खर्च कुटुंबाला झेपण्यासारखा नव्हता. तेव्हा मुलींना तांत्रिक शिक्षण देणाऱ्या एका शाळेत जाऊन तिने रसायनाचा अभ्यास केला. १९२९ साली तिने प्रयोगशाळा-साहाय्यकाच्या कामासाठी लागणारी पदविका मिळविली. मोठ्या स्वप्नाच्या जागी लहानशी नोकरी पत्करण्याची वेळ तिच्यावर आली होती.

त्याच वर्षी पॅरिस येथील रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये एक जागा रिकामी झाली. या संस्थेच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या मादाम मारी क्यूरी. पोलोनियम आणि रेडियम या दोन किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या शोधात त्यांचा वाटा होता आणि दोन वेळा नोबेल पारितोषिकाने त्यांचा गौरव झाला होता. मुलाखतीच्या दिवशी मार्गरित त्या गंभीर, उदास भासणाऱ्या इमारतीत जाऊन बसली. थोड्या वेळाने काळा पोशाख केलेली, केस पिकलेली, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक कृश स्त्री आत आली. ही इथली कारकून असावी, असे मार्गरितला वाटले. बोलणे सुरू झाल्यावर तिला उमगले की, आपल्यासमोर साक्षात मादाम क्यूरी उभ्या आहेत! आपली निवड होईल अशी तिला मुळीच आशा नव्हती. पण काही दिवसांनी तिच्या नेमणुकीचे पत्र आले. अशा रीतीने विसाव्या वर्षात असलेली ती मुलगी मादाम क्यूरी यांची साहाय्यक झाली.

तेथे मार्गरितकडे जे काम आले, ते दिसावयास साधे पण करावयास अत्यंत कठीण होते. ॲक्टिनियम नावाचे एक किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. क्यूरी दांपत्याचे सहकारी आंद्रे दबिएर्न यांनी १८९९ साली ते शोधून काढले. युरेनियमच्या खनिजात ते आढळते. पण टनभर खनिज घेतले, तरी त्यात ते एक मिलिग्रॅमसुद्धा निघत नाही. शिवाय लँथॅनम नावाच्या धातूशी त्याचे गुणधर्म इतके जुळतात की, दोघांना एकमेकांपासून वेगळे करणे म्हणजे दुधात मिसळलेले पाणी निराळे काढण्याइतके अवघड. द्रावण तयार करावयाचे, त्यातून स्फटिक जमवावयाचे, ते पुन्हा विरघळवावयाचे आणि पुन्हा स्फटिक जमवावयाचे. असे कितीतरी वेळा केले, म्हणजे ॲक्टिनियमचे प्रमाण किंचित वाढते. मार्गरित हे काम वर्षामागून वर्षे करीत राहिली. हळूहळू तिच्या हातांना या कामात असे कौशल्य आले की, शुद्ध ॲक्टिनियम तयार करण्यात तिची बरोबरी करणारे फार थोडे लोक असतील.

४ जुलै १९३४ रोजी मादाम क्यूरी निवर्तल्या. अनेक वर्षे किरणोत्सारी पदार्थांच्या सान्निध्यात काम केल्यामुळे त्यांच्या शरीरातील रक्त तयार करण्याची शक्तीच खालावली होती. गुरूंच्या निधनाने मार्गरितला मोठा धक्का बसला. पण तिने काम सोडले नाही. दबिएर्न हे आता प्रयोगशाळेचे प्रमुख झाले होते, आणि मादाम क्यूरी यांच्या कन्या इरेन जोलिओ-क्यूरी याही तेथेच संशोधन करीत होत्या. या दोघांच्या मार्गदर्शनाखाली मार्गरितने ॲक्टिनियमचा अभ्यास पुढे चालू ठेवला.

तिने काय शोधले हे समजण्यासाठी किरणोत्सारी मूलद्रव्याचे वर्तन आधी ध्यानात घेतले पाहिजे. सोने किंवा लोखंड यांचे अणू वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहतात. किरणोत्सारी मूलद्रव्याचे अणू मात्र अस्थिर असतात. त्यांच्या केंद्रातून कण बाहेर पडतात आणि त्याबरोबर एका मूलद्रव्याचा अणू दुसऱ्या मूलद्रव्याचा होतो. केंद्रातून आल्फा कण बाहेर पडला, तर अणू तक्त्यात दोन घरे मागे जातो. बीटा कण बाहेर पडला, तर तो एक घर पुढे जातो. ॲक्टिनियमचे घर एकोणनव्वदावे. त्याचे अणू बीटा कण बाहेर टाकून नव्वदाव्या घरात, म्हणजे थोरियमच्या घरात जातात, हे त्या काळी ठाऊक होते. परंतु ॲक्टिनियममधून एखाददुसरा आल्फा कणही बाहेर पडत असेल काय? तसे घडत असेल, तर तो अणू एकोणनव्वदातून दोन घरे मागे जाऊन नेमका सत्त्याऐंशीव्या घरात पोहोचेल!

अडचण अशी की, हे पाहणे सोपे नव्हते. ॲक्टिनियम कितीही शुद्ध केले, तरी ते फार वेळ शुद्ध राहत नाही. त्याच्यापासून थोरियम तयार होते, थोरियमपासून रेडियम आणि रेडियमपासून आणखी काही पदार्थ. ही सारी संतती स्वतःही किरण बाहेर टाकते. काही दिवसांत या किरणांचा एवढा गलबला होतो की, मूळ ॲक्टिनियमचा अतिक्षीण आवाज त्यात ऐकूच येऊ नये. म्हणून ॲक्टिनियमचा खरा स्वभाव पाहावयाचा असेल, तर ते पूर्णपणे शुद्ध करून अवघ्या काही मिनिटांत त्याची मोजणी सुरू करणे आवश्यक होते. त्यासाठी शुद्धतेबरोबर वेगही हवा होता. नऊ वर्षांच्या सरावाने मार्गरितच्या हातांत या दोन्ही गोष्टी आल्या होत्या.

१९३८ सालाच्या अखेरीस तिने ॲक्टिनियम शुद्ध केले आणि लगेच त्याचे किरण मोजावयास प्रारंभ केला. पहिल्या काही मिनिटांतच एक विलक्षण गोष्ट तिच्या ध्यानात आली. किरणांचे प्रमाण झपाट्याने वाढत होते. सुमारे दोन तासांत ही वाढ थांबली आणि प्रमाण काही काळ स्थिर राहिले. त्यानंतर ते पुन्हा वाढू लागले, पण अगदी मंद गतीने. ही नंतरची मंद वाढ थोरियम आणि त्याच्या संततीमुळे होती, हे स्पष्ट होते. पण सुरुवातीची जलद वाढ कशामुळे? ठाऊक असलेल्या कोणत्याही पदार्थाशी तिचा मेळ बसत नव्हता. ज्यांनी आधी ॲक्टिनियमचा अभ्यास केला होता, त्यांची मोजणी सुरू होईपर्यंत ही जलद वाढ संपलेली असे. साहजिकच ती त्यांच्या दृष्टीस पडली नव्हती.

एखाद्याने म्हटले असते, ‘मोजणीत काही चूक झाली असेल, नाहीतर कसली तरी अशुद्धता राहून गेली असेल.’ मार्गरितने तसे म्हटले नाही आणि आनंदाने घाईघाईत शोधही जाहीर केला नाही. तिने ॲक्टिनियम पुन्हा शुद्ध केले, पुन्हा मोजणी केली. प्रत्येक वेळी तीच जलद वाढ दिसली. मग तिने कसोटी योजली. हा अज्ञात पदार्थ खरोखरच सत्त्याऐंशीव्या घरातील असेल, तर त्याचे वर्तन त्याच्या कुळातील सीझियमसारखे असले पाहिजे. तिने द्रावणात थोडा सीझियमचा क्षार मिसळला आणि सीझियमचे स्फटिक खाली बसतील अशी रासायनिक क्रिया केली. नंतर किरण मोजले. तो अज्ञात पदार्थ सीझियमच्या स्फटिकांबरोबर बाहेर आला होता! आपल्या भाऊबंदांना ओळखून त्यांच्या पंक्तीला जाऊन बसावे, तसा तो वागला. आता शंकेला जागा उरली नाही. ॲक्टिनियमच्या शंभर अणूंपैकी एक-दीड अणू आल्फा कण बाहेर टाकतो आणि सत्त्याऐंशीव्या मूलद्रव्याचा अणू बनतो, हे सिद्ध झाले.

९ जानेवारी १९३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हा शोध मांडण्यात आला. तेव्हा मार्गरितचे वय एकोणतीस वर्षांचे होते.

हे मूलद्रव्य इतकी वर्षे हुलकावणी का देत होते, याचे कारणही आता कळून आले. त्याचे आयुष्य फार अल्प आहे. त्याच्या कोणत्याही साठ्यातील निम्मे अणू बावीस मिनिटांत नाहीसे होतात. या काळाला त्या मूलद्रव्याचा अर्धायुष्यकाल असे म्हणतात. समजा, एका पात्रात त्याचे एक हजार अणू ठेवले. बावीस मिनिटांनी त्यांतील सुमारे पाचशे उरतील, चव्वेचाळीस मिनिटांनी अडीचशे, आणि सहासष्ट मिनिटांनी सव्वाशे. या हिशेबाने आठ तासांनंतर चाळीस लाख अणूंमागे जेमतेम एक अणू शिल्लक राहतो. म्हणजे सकाळी जमविलेले धन संध्याकाळपर्यंत पार विरून जावयाचे! साऱ्या पृथ्वीच्या कवचात कोणत्याही क्षणी हे मूलद्रव्य तीस ग्रॅमहूनही कमीच असते, असा अंदाज आहे. एकीकडे ते नाहीसे होत असते आणि दुसरीकडे ॲक्टिनियमपासून नवे निर्माण होत असते.

एवढा मोठा शोध लावूनही मार्गरितपाशी विद्यापीठाची साधी पदवीही नव्हती आणि पदवीवाचून डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर करता येत नव्हता. तिने संकोच बाळगला नाही. तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात ती विद्यार्थिनी म्हणून जाऊ लागली. त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले. १९४० च्या जून महिन्यात पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. अशा बिकट काळातही तिचा अभ्यास आणि संशोधन चालू राहिले. १९४६ साली सत्त्याऐंशीव्या मूलद्रव्यावरील प्रबंधासाठी तिला डॉक्टर ही पदवी देण्यात आली. बालपणी वैद्य होण्याचे स्वप्न पाहणारी मार्गरित आता विज्ञानाची डॉक्टर झाली होती.

नव्या मूलद्रव्याला नाव देण्याचा मान अर्थातच डॉ. पेरे यांचा होता. मादाम क्यूरी यांनी १८९८ साली आपल्या मातृभूमीवरून, म्हणजे पोलंडवरून, पोलोनियम हे नाव दिले होते. त्यांच्या शिष्येनेही आपल्या देशाची आठवण ठेवली आणि ‘फ्रान्सियम’ हे नाव निवडले. १९४९ साली या नावाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पहिल्या ब्याण्णवांतील इतर तीन रिकाम्या घरांतील मूलद्रव्ये प्रथम मानवाने कृत्रिम रीतीने निर्माण केली, तेव्हाच ती ओळखीची झाली. फ्रान्सियम मात्र निसर्गातच सापडले. प्रथम निसर्गात सापडलेले असे ते अखेरचे मूलद्रव्य होय.

१९४९ साली स्ट्रासबूर्ग विद्यापीठात अणुकेंद्रीय रसायनशास्त्राच्या प्राध्यापकपदी डॉ. पेरे यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली आणि तरुण संशोधकांना शिकविले. १९६२ साली त्यांना याहूनही मोठा सन्मान लाभला. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीची स्थापना १६६६ साली झाली होती; परंतु जवळजवळ तीनशे वर्षांत तिने एकाही स्त्रीला आपल्यात निवडून घेतले नव्हते. १९११ साली खुद्द मादाम क्यूरी यांचीही निवड अगदी थोड्या मतांनी हुकली होती. गुरूंना बंद राहिलेले ते दार १९६२ साली शिष्येसाठी उघडले. डॉ. पेरे या अकादमीच्या संवादी सदस्य म्हणून निवडून आल्या. पूर्ण सदस्यत्व मिळण्यासाठी मात्र स्त्रियांना १९७९ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

परंतु या यशाची किंमत फार मोठी होती. आज किरणोत्सारी पदार्थांजवळ काम करणारे लोक शिशाच्या भिंतींचा आडोसा घेतात. शरीराला किती किरण लागले हे दाखविणारी पट्टी अंगावर लावतात. १९३० च्या सुमारास अशी काळजी कोणी फारशी घेत नसे. किरणांचा धोका पुरता उमगलेला नव्हता आणि जेवढा उमगला होता, त्याकडेही कामाच्या ओघात दुर्लक्ष होई. १९५६ साली इरेन जोलिओ-क्यूरी रक्ताच्या कर्करोगाने मरण पावल्या. डॉ. पेरे यांनाही कर्करोगाने ग्रासले आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांना आजारपणात काढावी लागली. १३ मे १९७५ रोजी पॅरिसजवळील लूव्हसियेन येथे त्यांचे निधन झाले. फ्रान्सियमच्या साहाय्याने कर्करोगाचे निदान लवकर करता येईल, अशी मोठी आशा त्यांनी बाळगली होती. ती आशा सफल झाली नाही. आणि ज्या रोगावर उपाय मिळावा म्हणून त्या झटल्या, त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला.

फ्रान्सियमचा व्यवहारात आजही काही उपयोग होत नाही. डोळ्यांना दिसेल एवढा त्याचा कणही कोणी कधी गोळा करू शकलेले नाही. तथापि १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी लेसर किरण आणि चुंबक यांच्या साहाय्याने त्याचे काही हजार अणू अधांतरी रोखून धरले आणि अणूच्या अंतरंगातील बलांचा अभ्यास त्यांवर आरंभिला. ज्यांना फ्रान्सियमचा एक अणूही दिसला नव्हता, त्या मार्गरित पेरे यांनी केवळ मोजणीतील एका लहानशा फरकावरून त्याचा माग काढला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांच्या चिकाटीची थोरवी कळते.

शाळेतील भिंतीवर टांगलेल्या आवर्तसारणीत डाव्या हाताचा पहिला स्तंभ वरून खाली पाहत जावे. सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम. आणि त्यांच्याखाली सर्वांत शेवटी फ्रान्सियम. ते एक लहानसे घर भरण्यासाठी एका साहाय्यक मुलीने आपल्या तारुण्याची दहा वर्षे द्रावणे गाळण्यात आणि स्फटिक वेचण्यात घालविली, आणि शेवटी आपले आरोग्यही त्यापायी वेचले. आज प्रयोगशाळेत पाळले जाणारे सुरक्षिततेचे नियम अशाच माणसांच्या दुखण्यांतून शिकलेले आहेत. म्हणून ते नियम पाळणे, हाही त्यांच्या स्मृतीला वाहिलेला आदरच होय.